बाहेरच्या भिंतीची नोंद कागदावर कशी आणावी : बडोद्यातील सोसायट्यांसाठी एसीपी आणि अग्निसुरक्षेच्या पडताळणीची कार्यपद्धती

बडोद्यात अलकापुरी, जुना पादरा रोड किंवा कारेलीबाग यांपैकी कोणत्याही रस्त्याने जाताना मान थोडी वर केली, तर खाली दुकाने आणि वर घरे किंवा दवाखाने असलेल्या कित्येक इमारतींचा दर्शनी भाग चकचकीत पत्र्याने मढवलेला दिसतो. हा पत्रा म्हणजे एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीट, आणि ती बसवण्याच्या कामाला बांधकामाच्या धंद्यात ‘एलिवेशनचे काम’ म्हणतात. हे काम सहसा सर्वांत शेवटी होते, आणि पुष्कळदा रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी), बी.यू. परवानगी (बांधलेली इमारत वापरण्याची परवानगी) आणि फायर एनओसी (अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला) ही तिन्ही कागदपत्रे हाती आल्यानंतर होते. त्यामुळे इमारतीतील पंप, पाण्याची टाकी, होज पाइप, लाल सिलिंडर या सगळ्यांची नोंद कुठे ना कुठे सापडते, परंतु संपूर्ण इमारत ज्या वस्तूने गुंडाळलेली आहे त्या वस्तूची नोंद सापडत नाही. सरकारी देखरेख कागदावर असलेल्या वस्तूचीच होऊ शकते. म्हणून ती नोंद रहिवाशांनी स्वतः कशी तयार करावी, संबंधित कार्यालयांपुढे कशी ठेवावी आणि लेखी उत्तर कसे मिळवावे, हे येथे सांगितले आहे. आमच्या सोसायटीत आम्ही या वाटेने गेलो आहोत आणि जिथे चुकलो तेही त्या त्या ठिकाणी लिहिले आहे.

शीटमध्ये नेमके काय असते

एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये भरलेला गाभा. नेहमीच्या चांगल्या प्रतीच्या शीटची जाडी ४ मिलिमीटर असते, त्यात बाहेरचे दोन पत्रे अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचे आणि मधला गाभा ३ मिलिमीटरचा असतो. धोका पत्र्यात नसून गाभ्यात आहे. स्वस्त शीटमध्ये हा गाभा पॉलिथिनचा, म्हणजे प्लास्टिकचा असतो. ‘एफआर’ (फायर रिटार्डंट, म्हणजे ज्वालारोधक) म्हणून विकल्या जाणाऱ्या शीटमध्ये प्लास्टिकचे प्रमाण कमी करून खनिज भुकटी मिसळलेली असते, आणि ‘ए-२’ वर्गाच्या शीटमध्ये गाभा जवळजवळ संपूर्ण खनिजाचा असतो. तिन्ही शीट भिंतीवर बसवल्यावर अगदी सारख्या दिसतात. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

पॉलिथिनच्या गाभ्याचा अर्थ समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरातला हिशेब पुरतो. एक चौरस मीटर शीटमध्ये सुमारे पावणेतीन किलो पॉलिथिन असते, आणि वजनाच्या मानाने पॉलिथिन जळताना साधारण स्वयंपाकाच्या गॅसइतकीच उष्णता देते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे पाच चौरस मीटर शीटमध्ये एका भरलेल्या सिलिंडरएवढी उष्णता साठवलेली आहे, आणि दहा बाय दहाच्या खोलीची एक भिंत मढवली तर जवळजवळ दोन सिलिंडरएवढी. ही उष्णता स्फोटाने बाहेर पडत नाही हे खरे, परंतु पॉलिथिन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळू लागते, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि खोली पूर्ण पेटली की खिडकीतून बाहेर पडणारी ज्वाळा याहून कितीतरी अधिक तापलेली असते. शिवाय शीट भिंतीला चिकटून नसते. ती चौकटीवर बसवलेली असल्याने मागे काही इंचांची पोकळी राहते, आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या या पोकळीत हवा मिळवण्यासाठी ज्वाळा धुराड्यातल्यासारखी ओढली जाऊन आपल्या मूळ उंचीच्या कित्येक पट लांब होते. आतले स्प्रिंकलर आणि होज पाइप आतली आग विझवण्यासाठी असतात. बाहेरून चढणारी आग त्यांना टाळून थेट वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरते.

लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावरच्या एका घरातील फ्रीजपाशी लागलेली आग अशीच बाहेरच्या आवरणाने संपूर्ण इमारतीभर पसरली आणि ७२ माणसे गेली. त्या आवरणात पॉलिथिनचा गाभा होता. या प्रकरणाच्या चौकशीचा अंतिम अहवाल ४ सप्टेंबर २०२४ रोजी आला. अशाच गाभ्याची शीट २००१ मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या चाचणीत अत्यंत वेगाने पेटली होती, आणि तरीही तो निष्कर्ष प्रसिद्ध केला गेला नाही, ही त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. माहिती होती, परंतु ज्यांच्या डोक्यावर ती भिंत होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

गुजरातमधील वाचकाला लंडनपर्यंत जाण्याची गरजही नाही. सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ रोजी लागलेल्या आगीत सर्वांत वरच्या मजल्यावरच्या क्लासमधील २२ मुले गेली. तिथे आग खालून सुरू झाली होती आणि मुले वर होती. आपण पुढे जी तपासणी करणार आहोत तिचा पहिला प्रश्न हाच आहे : खाली पेटलेली वस्तू वर कोणत्या वाटेने पोहोचू शकते?

इमारत पाहण्याची पद्धत

एका रविवारी सकाळी, ऊन चढण्याच्या आत, दोन-तीन सभासदांनी इमारतीच्या चारी बाजूंनी फिरावे आणि प्रत्येक बाजूचे छायाचित्र घ्यावे. फक्त एसीपी शोधू नये, जळू शकणारी प्रत्येक वस्तू पाहावी. दगडासारख्या दिसणाऱ्या नक्षीच्या पट्ट्या बहुधा थर्माकोलच्या असतात आणि त्यांवर रंगाचा थर दिलेला असतो. हॉटेल आणि कॅफे यांच्या बाहेरची हिरवी भिंत प्लास्टिकच्या कृत्रिम हिरवळीची असते. गच्चीवरचे शेड पॉलिकार्बोनेटचे असते, गॅलऱ्यांना कबुतरांसाठी नायलॉनची जाळी असते, आणि जुन्या दुकानाच्या फ्लेक्सवर नव्या दुकानाचा फ्लेक्स चढवलेला असतो. यांतली प्रत्येक वस्तू एकेकटी लहान वाटते, परंतु एकाच उभ्या रेषेत आली की ती शिडीचे काम करते.

छायाचित्रांवर चार जागा लाल पेनाने दाखवाव्यात. पहिली, तळमजल्यावरची मीटर रूम आणि तिच्या वरची भिंत. दुसरी, जिन्याच्या खिडक्या, कारण तिथे शीट लावून खिडकी बुजवली असेल तर धूर बाहेर जाण्याची वाटच बंद झालेली असते. तिसरी, एसीची बाहेरची युनिटे, कारण शीटला भोक पाडून वायर आणि तांब्याची नळी आत नेलेली असते आणि त्या वायरीचा जोड पुष्कळदा पोकळीतच केलेला असतो. चौथी, मुख्य दरवाजाचे छत, कारण वितळलेले जळते प्लास्टिक खाली ठिबकते आणि माणसे ज्या दाराने पळणार तिथेच पडते. मुख्य दरवाजावरची शीट सुबक दिसते म्हणून आम्ही पहिल्या फेरीत तिच्याकडे लक्षच दिले नव्हते. दुसऱ्या फेरीत लक्षात आले की इमारतीतून बाहेर पडण्याची दोन्ही दारे त्याच शीटखाली आहेत.

यानंतर गाभा ओळखायचा आहे. बसवलेल्या शीटला आगकाडी लावून पाहण्याचा सल्ला काही कारागीर देतात, तो कोणत्याही परिस्थितीत मानू नये. दुरुस्तीच्या वेळी कापलेला तुकडा, किंवा कोपऱ्यातून सैल झालेली शीट मिळाली तर तिची कड पाहावी. गाभा काळा आणि रबरासारखा किंवा पांढुरका, मेणचट आणि नखाने दबणारा असेल तर तो पॉलिथिनचा असण्याची शक्यता मोठी असते. खरवडल्यावर खडूसारखी भुकटी निघत असेल तर त्यात खनिज आहे. केवळ रंगावरून निर्णय मात्र घेऊ नये.

वजनाची परीक्षा याहून भरवशाची आहे. अर्ध्या मिलिमीटरचे पत्रे असलेल्या ४ मिलिमीटर जाडीच्या शीटचा दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवावा. पॉलिथिनचा गाभा असेल तर वजन सुमारे ५५ ग्रॅम भरते, खनिजयुक्त असेल तर ७६ ग्रॅमच्या आसपास. चार बाय आठ फुटांच्या पूर्ण शीटसाठी हेच आकडे अनुक्रमे सुमारे १६ किलो आणि २२ ते २३ किलो असे येतात. शीट ३ मिलिमीटरची असेल किंवा पत्रे अधिक पातळ असतील तर हे आकडे लागू पडत नाहीत, म्हणून आधी जाडी मोजावी. आमच्या बिलावर ‘एफआर’ असे स्वच्छ लिहिलेले होते, आणि तुकड्याचे वजन ५४ ग्रॅम भरले. कंत्राटदाराला विचारले तेव्हा त्याने माल पुरवणाऱ्याकडे बोट दाखवले. आमच्या हाती बिलाखेरीज काहीच नव्हते, कारण माल आला त्या दिवशी कोणीही तपासला नव्हता.

वजन हा फक्त संशयाचा आधार आहे. सरकारी कार्यालयापुढे किंवा वादात मांडायचा पुरावा हा प्रयोगशाळेचाच अहवाल असतो. अग्निचाचण्यांसाठी रुडकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था ही देशातील जुनी आणि विश्वासार्ह संस्था आहे. नमुना पाठवताना तो कोणत्या बाजूच्या, कोणत्या मजल्यावरच्या भिंतीचा आहे हे लिहून, दोन सभासदांच्या सह्या घेऊन, पाकीट बंद करावे.

तीन कागद, आणि त्यांतील रिकामी जागा

आता दप्तर उघडावे. पहिला कागद रजाचिठ्ठी आणि तिच्यासोबतचे मंजूर नकाशे. यांत दर्शनी भागाचा नकाशा असतो, तो आजच्या छायाचित्राशेजारी ठेवून फरक पाहावा. नकाशात उघडी गॅलरी आहे आणि प्रत्यक्षात तिथे बंद शीट आहे, असे दिसले तर तो केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. दुसरा कागद बी.यू. परवानगी, तिची तारीख आणि एलिवेशनच्या बिलाची तारीख यांची तुलना करावी. तिसरा कागद अग्निशमन विभागाचा. आपण सरसकट ‘फायर एनओसी’ म्हणतो, परंतु गुजरातच्या आजच्या व्यवस्थेत फायर सेफ्टी प्लॅनची मंजुरी, फायर सेफ्टी सर्टिफिकेट आणि त्याचे नूतनीकरण असे तीन टप्पे आहेत, आणि तिन्हींची प्रत सोसायटीकडे असली पाहिजे.

या सर्वांच्या मुळाशी असलेला कायदा म्हणजे ‘गुजरात फायर प्रिव्हेन्शन अँड लाइफ सेफ्टी मेझर्स ॲक्ट, २०१३’. इमारतीत अग्निसुरक्षेची साधने बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची आणि वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, असे हा कायदा मानतो. म्हणजे सोसायटीने बिल्डरकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेता येत नाही. बांधकामाचे नियम २०१७ च्या सामान्य विकास नियंत्रण विनियमांत, म्हणजे सीजीडीसीआरमध्ये आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ हिचा चौथा भाग संपूर्णपणे अग्निसुरक्षेचा आहे. ती संहिता स्वतःहून बंधनकारक नसते, राज्याच्या नियमांनी स्वीकारल्यावर ती लागू होते. तरीही पत्रव्यवहारात तिचा आधार देणे फार उपयोगी पडते, कारण काचेच्या दर्शनी भागाविषयी तिने अगदी मोजमापांसह सांगितले आहे. प्रत्येक मजल्याचा स्लॅब आणि बाहेरचे आवरण यांच्यातील फट, स्लॅबइतकाच वेळ आगीला तोंड देईल अशा पदार्थाने बंद केलेली असावी, आणि अग्निशमन दलाला बाहेरून आत येता यावे यासाठी प्रत्येक मजल्यावर, एकमेकांपासून १० मीटरहून अधिक अंतर नसलेली, किमान एक मीटर बाय एक मीटरची उघडणारी तावदाने असावीत, असे त्यात म्हटले आहे. आपल्या इमारतीत ही फट बंद आहे का, हे पाहण्यासाठी एकच शीट खोलून आत टॉर्च मारावा. प्रकाश थेट खालच्या मजल्यापर्यंत जात असेल, तर ज्वाळाही तशीच वर येईल.

इंग्लंडमध्येही नेमकी हीच रिकामी जागा होती. इमारतीच्या अग्निधोक्याचे मूल्यमापन करताना बाहेरची भिंत त्यात येते की नाही, याविषयी तिथल्या कायद्यात संदिग्धता होती, आणि ग्रेनफेलनंतर २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करून बाहेरची भिंत त्यात येते हे स्पष्ट करावे लागले. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील पदार्थ वापरण्यावर बंदी आली होती. जानेवारी २०२३ पासून तर उंच निवासी इमारतींच्या व्यवस्थापनाला बाहेरच्या भिंतीची रचना आणि तिच्यातील पदार्थ यांची माहिती अग्निशमन दलाला पुरवावीच लागते. आपल्याकडे असा नियम होण्याची वाट न पाहता सोसायटीला ही माहिती आपणहून देता येते.

अर्ज कोणाला, कसा आणि कोणत्या भाषेत

इमारत बडोदा महानगर सेवासदनाच्या हद्दीत असेल तर पत्र दोघांच्या नावे लिहावे : चीफ फायर ऑफिसर आणि बांधकाम परवानगीची शाखा. दोघांनाही एकच मजकूर जावा आणि प्रत महापालिका आयुक्तांना, म्हणजे खंडेराव मार्केटमधील मुख्य कार्यालयात, द्यावी. पत्र एकाच कार्यालयाला दिले तर हा विषय दुसऱ्या शाखेचा आहे असे उत्तर येण्याची शक्यता असते, आणि भिंत ही खरोखरच दोन शाखांच्या सीमेवरची वस्तू आहे. हद्दीबाहेरच्या नव्या वसाहतींनी परवानगीच्या बाजूसाठी वुडाकडे, म्हणजे बडोदा नागरी विकास प्राधिकरणाकडे, जावे. पत्र टपालाने टाकून देऊ नये. आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा.

पत्र दीड पानाहून मोठे नसावे. त्यात इमारतीची उंची आणि मजले, बी.यू. परवानगीचा क्रमांक व तारीख, एलिवेशनचे काम झाल्याचे वर्ष, कोणत्या बाजूला किती चौरस मीटर आवरण आहे, नमुन्याच्या वजनाचा किंवा चाचणीचा निष्कर्ष, आणि लाल खुणा केलेली छायाचित्रे, एवढेच असावे. मागणीही नेमकी असावी : ‘दर्शनी भागाची प्रत्यक्ष तपासणी करून, आवरणाच्या पदार्थाविषयी आणि पोकळीतील अग्निरोधक अडथळ्यांविषयी लेखी अभिप्राय द्यावा.’ ‘योग्य ती कारवाई करावी’ हे वाक्य आपल्याला फार प्रिय असले तरी ते लिहू नये, कारण त्याचे उत्तरही तितकेच मोघम येते.

अशा पत्राने आपलीच इमारत अडचणीत येईल, नोटीस येईल, पाण्याची जोडणी तोडतील किंवा सील लावतील, ही भीती प्रत्येक सभेत व्यक्त होते आणि ती खोटी नाही. अग्निसुरक्षेची पूर्तता नसलेल्या इमारतींवर गुजरातमधील महापालिका अशी कारवाई करत आल्या आहेत. म्हणून पत्रासोबत सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आणि दुरुस्तीचे वेळापत्रक जोडावे. आपण दोष शोधला, तो कळवला आणि अमुक तारखेपर्यंत अमुक भाग काढणार आहोत, असे आधीच लिहून देणाऱ्या सोसायटीची बाजू दोष लपवणाऱ्या सोसायटीपेक्षा सर्व दृष्टींनी मजबूत असते. वरच्या मजल्यांवरचे रहिवासी आणि खालचे दुकानदार यांचे हितसंबंध इथे वेगळे पडतात. शीट दुकानाच्या शोभेसाठी लागते आणि आगीचा धोका वरच्यांना असतो. आमच्याकडे सभेची सूचना मराठीत आणि गुजरातीत अशी दोन्ही भाषांत काढली, आणि छायाचित्रे भिंतीवर लावली. सोनाराच्या काट्यावरचे दोन तुकडे हातात घेऊन पाहिल्यावर दुकानदारांचा विरोध पुष्कळ मावळला.

तीस दिवसांत काही हालचाल झाली नाही, किंवा जुने मंजूर नकाशेच सोसायटीकडे नसतील, तर माहिती अधिकार कायदा, २००५ वापरावा. इथे बडोद्यातील मराठी माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हा अर्ज कायद्याच्या सहाव्या कलमानुसार इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या अधिकृत भाषेत करता येतो. बडोद्यात मराठी कितीही घरोघरी बोलली जात असली तरी अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावा. गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये आहे. ‘तपासणी का केली नाही’ असा प्रश्न विचारू नये, कारण कायदा कागद देतो, कारणमीमांसा देत नाही. त्याऐवजी मंजूर दर्शनी नकाशाची प्रत, फायर सेफ्टी प्लॅनची मंजुरी आणि तिच्या अटी, शेवटच्या तपासणीचा अहवाल, आणि इमारतीला आजवर दिलेल्या नोटिसांच्या प्रती मागाव्यात. संपूर्ण फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही त्याच अर्जात करावी, ती कायद्याने मिळते आणि कोणता कागद मागायचा राहिला हे फाइल पाहिल्यावरच कळते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत त्याच संस्थेतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील, आणि तिथेही समाधान झाले नाही तर नव्वद दिवसांत गांधीनगरच्या गुजरात माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. तक्रार म्हणून पाठपुरावा करायचा असेल तर राज्य सरकारचा २००३ पासून चालू असलेला ‘स्वागत’ कार्यक्रमही आहे, परंतु तिथे जाताना आवक क्रमांकाची प्रत हातात असावी.

इमारत नवी असेल तर आणखी एक दार उघडे आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असते. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नियमनाच्या, कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातील दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दूर करायचा असतो. आवरण बिल्डरनेच बसवलेले असेल आणि विक्रीच्या वेळी वेगळे साहित्य सांगितले असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल जोडून ही मागणी करावी. पाच वर्षे संपत आली असतील तर अहवालाची वाट न पाहता आधी पत्र द्यावे.

सगळी शीट लगेच काढता येत नसेल तर

संपूर्ण दर्शनी भाग एका वर्षात बदलणे बहुतेक सोसायट्यांना परवडत नाही, हे समजण्यासारखे आहे. अशा वेळी क्रम ठरवावा लागतो, आणि तो शोभेवरून न ठरवता लाल खुणांवरून ठरवावा. मीटर रूमच्या वरची, दोन्ही दारांवरची आणि जिन्याच्या खिडक्यांवरची शीट पहिल्याच महिन्यात उतरवावी. तिथे मोकळे प्लास्टर दिसले तरी चालेल. त्यानंतर तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतचा पट्टा काढावा, म्हणजे रस्त्यावरचे वाहन, कचरा किंवा दुकान पेटले तरी आवरणाला ज्वाळा सहज पोहोचणार नाही. वर राहिलेल्या भागात प्रत्येक स्लॅबच्या पातळीवर पोकळी बंद करून घ्यावी. एसीच्या वायरींचे जोड पोकळीतून बाहेर काढावेत. मीटरच्या बाजूचे काम असेल तर ते एमजीव्हीसीएल या वीज कंपनीला कळवूनच करावे.

दिवाळीच्या आठवड्यात आवरणाच्या वरच्या उघड्या कडा, जिथून पोकळीत थेट आत जाता येते, पत्र्याच्या पट्टीने झाकाव्यात, कारण फुटका अग्निबाण तिथे जाऊन पडला तर तो खालून कोणालाच दिसत नाही. उत्तरायणात तुटलेले पतंग आणि दोरा याच फटींत साचतात, ते काढून घ्यावेत.

नवे काम देताना कंत्राटात केवळ ‘एफआर शीट’ असे लिहू नये. युरोपीय वर्गवारीतील ए-२, एस-१, डी-० हा वर्ग लिहावा. यातील ‘एस’ धुराचे प्रमाण सांगतो आणि ‘डी’ जळते थेंब पडतात की नाही ते सांगतो. चाचणीच्या अहवालावरील कंपनीचे नाव, शीटची जाडी आणि गाभ्याचा प्रकार हे आलेल्या मालाशी जुळतात का, हे माल उतरण्यापूर्वी पाहावे, कारण एका चांगल्या शीटचा अहवाल दुसऱ्या स्वस्त शीटसोबत सर्रास दाखवला जातो. प्रत्येक खेपेतून एक तुकडा कापून, तारीख टाकून, सोसायटीच्या कपाटात ठेवावा. काम सुचवणारा आर्किटेक्ट, अग्निसल्लागार आणि कंत्राटदार यांच्या सह्या एकाच कागदावर घ्याव्यात. मेलबर्नच्या लॅक्रोस इमारतीत २५ नोव्हेंबर २०१४ रोजी आठव्या मजल्याच्या गॅलरीतील एका सिगारेटने लागलेली आग सुमारे ११ मिनिटांत छतापर्यंत गेली. प्राण कोणाचे गेले नाहीत, परंतु २०१९ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने नुकसानीचा भार ठरवताना अग्निसल्लागार, इमारत तपासणीस आणि आर्किटेक्ट या तिघांनाही वाटा उचलायला लावला. ते शक्य झाले, कारण कोणी काय मंजूर केले याचे कागद उपलब्ध होते.

काम चालू असतानाचा काळ सर्वांत जोखमीचा असतो. परांचीवर लावायची हिरवी जाळी ज्वालारोधक असल्याचा पुरावा मागावा आणि खिडक्या थर्माकोलने कधीही झाकू देऊ नयेत. हाँगकाँगच्या ताई पो भागातील वसाहतीत २६ नोव्हेंबर २०२५ रोजी दुरुस्ती चालू असतानाच आग लागली, परांचीची जाळी आणि खिडक्यांवर लावलेल्या फोमच्या पट्ट्या यांनी ती एका इमारतीतून दुसरीत नेली, आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. जोडकामाचे वेल्डिंग चालू असेल तर खालच्या मजल्यावर पाण्याची बादली आणि आग विझवण्याचे सिलिंडर घेऊन एक माणूस उभा असलाच पाहिजे, आणि तो काम संपल्यावरही तासभर तिथेच राहिला पाहिजे.

नूतनीकरणाच्या दिवशी

फायर सेफ्टी सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाचे काम आता सरकारने मान्यता दिलेले खाजगी फायर सेफ्टी ऑफिसरही करतात. त्यांची मान्यता पोर्टलवर तपासून मगच त्यांना बोलवावे. ते आले की सेक्रेटरी त्यांना सहसा थेट पंपाकडे नेतो. तसे न करता आधी रस्त्याच्या पलीकडे उभे करून इमारत दाखवावी, फाइल हातात द्यावी, आणि अहवालात बाहेरच्या आवरणाविषयी एक ओळ लिहिण्याची विनंती करावी. मागच्या खेपेला आमच्या अहवालात भिंतीचा उल्लेखही नव्हता, आणि आम्हीही तो मागितला नव्हता.

या फाइलची दुसरी प्रत वॉचमनच्या केबिनजवळ लाल रंगाच्या पेटीत ठेवावी. तीत मजल्यांचे नकाशे, कोणत्या बाजूला कोणते आवरण आहे त्याचे छायाचित्र, पाण्याच्या टाकीची आणि मुख्य स्विचची जागा, आणि कोणत्या घरात चालू न शकणारी माणसे आहेत त्यांच्या मजल्यांची यादी असावी. १०१ वर फोन केल्यावर येणाऱ्या जवानांना पहिल्या पाच मिनिटांत याहून अधिक काही लागत नाही. दुकानाची पाटी बदलली, नवा एसी बसला किंवा कोणी गॅलरी बंद केली, की त्याच आठवड्यात छायाचित्र बदलावे, आणि हे काम समितीतील एकाच ठरलेल्या सभासदाकडे असावे.

आमच्या सोसायटीच्या यंदाच्या तपासणी अहवालात शेवटून दुसऱ्या ओळीत असे लिहिलेले आहे : ‘दर्शनी भाग एसीपी, गाभा पॉलिथिन, दुसऱ्या मजल्यापर्यंत काढलेला, उर्वरित भाग मार्चअखेर काढण्याचा ठराव जोडला आहे.’